काढलेली सावली, पडलेली सावली

मागच्या उन्हाळ्यात सुरू केलेलं एक काम दिवाळीनंतर मुंबईतल्या एका समूहप्रदर्शनात भिंतीवर चढलं. सहा फूट रुंद, चार फूट उंच. डाव्या अंगाला कागद-चिंध्यांच्या लगद्यातून उठवलेल्या घड्या, उजव्या अंगाला खरीखुरी काळी घोंगडी, आणि दोन्हींवर रंग. याला चित्र म्हणायचं की शिल्प, हा प्रश्न काम करताना मला फारसा पडला नाही. तो पडला प्रवेशअर्जाला. अर्जात दोनच चौकोन होते. मी 'चित्र'वर खूण केली, कारण 'शिल्प'खाली लगेच चौथऱ्याची उंची विचारली होती आणि माझ्या कामाला चौथराच नव्हता. दोन दिवसांनी आयोजकांचा फोन आला.

"मॅडम, जाडी सात इंच लिहिलीये. फ्रेमसकट का?"

"फ्रेम नाहीये."

"मग सात इंच कशाचे?"

शेवटी त्यांनी मला 'मिक्स मीडिया'त टाकलं. कुठल्याच खणात न बसणाऱ्या वस्तू जिथे जातात, तो हा कप्पा. असो. त्या फोनवरच्या माणसाचा प्रश्न मात्र बरोबर होता. सात इंच कशाचे, याचं उत्तर देता आलं नाही तर असलं काम करू नये. कॅनव्हासवर गोणपाट, खिळे, जुनी किल्ली, घड्याळाचे काटे चिकटवले की काम 'चित्राच्या पलीकडे' गेलं, असा एक समज आहे. बहुतेक वेळा ते कुठेच गेलेलं नसतं. चित्र होतं तिथेच असतं आणि त्यावर सामान चढलेलं असतं.

मी शिकले चित्रकला. कॉलेजात पहिल्या वर्षी टेबलावर चादर टाकून तिच्या घड्या रंगवायला बसवतात. तेव्हापासून घडी म्हटलं की माझा हात आधी सावली शोधतो. सावलीची जागा सापडली की घडी आपोआप उभी राहते. आणि इथेच चित्रकार आणि शिल्पकार वेगळे होतात, असं माझं मत आहे. चित्रकार सावली काढतो, शिल्पकाराची सावली पडते. आम्ही उजेड कुठून येतो हे स्वतः ठरवतो आणि ते चित्रात कायमचं बंद करून टाकतो. त्यांना तो खोलीकडून घ्यावा लागतो, खोली बदलली की तोही बदलतो. मला एकाच घडीवर दोन्ही सावल्या हव्या होत्या. एक मी काढलेली, एक तिची तिने पाडलेली. सात इंच त्यासाठी.

लगद्याचं सूत्र मला रॉबर्ट राउशेनबर्गकडून मिळालं, म्हणजे खरं तर अहमदाबादकडून. राउशेनबर्ग हा अमेरिकन चित्रकार 1954 पासून दहा वर्षं चित्र आणि शिल्प यांच्या मधल्या ज्या वस्तू बनवत होता, त्यांना त्याने 'कम्बाइन' असं सरळ नावच देऊन टाकलं होतं. त्यांतलं सगळ्यात गाजलेलं 'मोनोग्राम', 1955 ते 1959 या काळातलं. भुसा भरलेला एक अंगोरा बोकड, त्याच्या कमरेभोवती मोटारीचा टायर. आधी तो बोकड भिंतीवरच्या चित्राला जोडून होता, मग उभ्या फळीसमोर आला, आणि शेवटी त्याने रंगवलेली फळीच जमिनीवर आडवी टाकली आणि बोकड तिच्यावर उभा केला. तिथे गाडी सुरळीत झाली. चित्र भिंत सोडून जमिनीवर आलं, आणि बोकडाला उभं राहायला कुरण मिळालं. आज ते स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझिएटमध्ये आहे.

हाच माणूस 1975 मध्ये साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून अहमदाबादला आला आणि गांधी आश्रमाच्या हातकागद कारखान्यात त्याने काम केलं. तिथे झालेल्या दोन मालिकांपैकी 'युनियन्स' या मालिकेत त्याने एक चिखल वापरला. त्याची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं होतं: कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्याची पूड, खडूची पूड, डिंक आणि मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. यात परदेशी असं काहीच नाही. मेथी आणि डिंक स्वयंपाकघरात असतात, चिंचोका घोंगडीवाल्यांकडे आणि मोरचूद शेतीच्या दुकानात.

प्रमाण मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं, ते हातानेच काढावं लागलं. रद्दी आणि जुन्या सुती साड्यांच्या चिंध्या आठवडाभर भिजवून खलबत्त्यात आणि नंतर मिक्सरमध्ये वाटल्या (मिक्सर आता स्टुडिओचा झाला, घरात परत घेतला नाही). चिंचोक्याची पूड इचलकरंजीच्या सायझिंगवाल्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या, ओळखीतून मिळाली. मोरचुदासाठी शेती सेवा केंद्रात गेले. दुकानदाराने विचारलं, "द्राक्षबाग कुठं म्हणायची ताई?" तासगाव पट्ट्यातले लोक बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे वेलींवर फवारायच्या बुरशीनाशकासाठी, पोत्यानं मोरचूद नेतात, त्यामुळे त्याचा प्रश्न रास्त होता. चित्रासाठी पाहिजे म्हटल्यावर त्याने अर्धा किलो तोलून दिलं आणि "हातमोजे घाला, आणि भांडं परत सैपाकाला वापरू नका" एवढं बजावलं. कुठल्याही कलासाहित्याच्या दुकानात मला इतका उपयोगी सल्ला मिळालेला नाही.

मोरचूद लागतं बुरशीसाठी. चिंचोका, मेथी, डिंक हे सगळं बुरशीचं आणि किड्यांचं खाणं आहे, आणि काम कोल्हापूरच्या पावसाळ्यात वाळणार होतं. त्याचा एक गुण मात्र आधी कुणी सांगितला नव्हता. खडूच्या पुडीत मोरचुदाचं पाणी पडलं की बारीक बुडबुडे येतात आणि पांढऱ्या लगद्याला हिरवट-निळसर झाक चढते. ओलं असताना ती फार गोड दिसते, वाळल्यावर फिकी पडते पण जात नाही. मी ती पुसून पांढरी केली नाही. काढलेल्या सावल्यांसाठी मला नाहीतरी थंड निळसर राखाडीच हवी होती, अर्धा पाया आयता मिळाला. दुसरी गोष्ट, मोरचुदाशी लोखंडाचं जमत नाही. साधा खिळा त्या लगद्यात राहिला तर त्याच्यावर तांबूस पुट चढतं, खिळा खातो आणि भोवती डाग पसरतो. म्हणून आतले सगळे स्क्रू पितळी.

लगदा थालीपिठाच्या पिठाइतका आला की लावायचा. एका वेळी बोटाच्या पेराहून जाड नाही. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो, मग आतलं पाणी सुटताना वरची साल तडकते. म्हणजे घडी उठवायची तर आधी आत हाडं पाहिजेत. जाळीची तार वाकवून, तिच्यावर गोणपाटाच्या पट्ट्या खळीत बुडवून, त्या कडक झाल्यावर लगदा. एक थर, मग दोन-तीन दिवस थांबणं, मग पुढचा. चित्रकाराला हे थांबणं सोसत नाही. आपल्याला रंग ओला असतानाच पुढचा निर्णय घ्यायची सवय. इथे निर्णय आज घ्यायचा आणि त्याचं उत्तर गुरुवारी येणार.

आणि प्लाय. कॅनव्हास एवढं वजन धरत नाही, मध्ये झोळ पडतो, म्हणून बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला, मागून सागवानी रिपांची चौकट. आमच्या मिस्त्रींनी ती बघितली आणि म्हणाले, "पुढनं एवढं ओलं लावणार, मागनं कोरं ठेवणार, फळी वळणार बघा." लगदा वाळताना आकसतो आणि फळीला आपल्याकडे ओढतो, मग चारही कोपरे पुढे येतात. त्यावर उपाय त्यांनीच सांगितला: मागच्या बाजूलाही गोणपाट आणि खळ लावायची, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी. जे कधीच कुणाला दिसणार नाही अशा चोवीस चौरस फुटांवर मी इमानेइतबारे गोणपाट चिकटवलं. चित्राला पाठ असते हे तेव्हा कळतं. शिल्पकारांना ते आधीपासून ठाऊक असतं.

घोंगडी हा उजवा भाग. ती मला दुकानातली तयार नको होती, मागावरून नुकती उतरलेली, खळीची हवी होती. सनगरांच्या, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांच्या, घरी मागावरच्या ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने ओढतात आणि उन्हात वाळवतात. म्हणून नवी घोंगडी एवढी ताठ असते. अंगावर घेऊन घेऊन ती पुढे मऊ पडते. पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठल-बिरदेवाच्या पालखीवर भंडारा उधळतात तेव्हा या काळ्या लोकरीत पिवळं कसं अडकून बसतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी पुढे काय करू बघत होते ते लगेच कळेल. ज्या मावशींकडून घोंगडी घेतली, त्यांना मी ती भिंतीवर लावणार म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "भिताडाला थंडी वाजतीया व्हय?" मग त्यांनीच जास्तीची खळ कालवून दिली आणि घडी कशी बसवायची ते दाखवलं. ओली करायची, पाटाखाली दाबायची, उन्हात टाकायची आणि वाळल्याशिवाय हात लावायचा नाही.

घड्या सुरेख बसल्या, आणि दिसेनाशा झाल्या.

हे थोडं सविस्तर सांगते, कारण सगळं काम इथे फिरलं. डाव्या बाजूचा लगदा फिका. खिडकीचा उजेड डावीकडून येतो, प्रत्येक घडीच्या उजव्या कुशीत स्वच्छ सावली पडते. काही न रंगवतासुद्धा तो भाग वाचता येत होता. उजवीकडे काळी लोकर. ती उजेड गिळून टाकते. सावली पडतच असणार, पण काळ्यावर काळं, दिसणार काय? पाच पावलं मागे गेलं की सात इंचांची घडी सपाट. हाताला डोंगर, डोळ्याला काळी भिंत. म्हणजे जिथे खरी घडी होती तिथे ती दिसण्यासाठी मला ती रंगवावी लागणार होती आणि जिथे मी घडी बनवली होती तिथे रंगाची गरजच उरली नव्हती.

याच सुमारास गणपतीचा हंगाम चालू होता आणि मी कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत रोज संध्याकाळी नुसती उभी राहायला जायचे. तिथे एक जण मूर्तींची पितांबरं रंगवत होता. पितांबराच्या चुण्या मूर्तीत आहेतच, चांगल्या खोल. तरी तो कॉम्प्रेसरच्या गनने प्रत्येक चुणीच्या खोलात गडद केशरी मारत होता आणि उंचवट्यावर फिकट. मी विचारलं, चुणी आहेच की, परत सावली कशाला? त्याने गन न थांबवता सांगितलं, "मंडपात फोकस समोरनं मारत्यात. सगळं सपाट हुतंय. मग चुणी दिसाय नको?"

मला वाचनातून जे मिळालं नव्हतं ते या एका उत्तरात मिळालं. आपल्याकडे रंग आणि घडण यांचं भांडण मुळात नव्हतंच. वेरूळच्या कैलासाला गावची माणसं रंगमहाल म्हणत, कारण त्या दगडावर गिलावा आणि रंग होता, त्याचे अवशेष अजून दिसतात. शेंदूर तर त्याहून पुढची गोष्ट. वर्षानुवर्षं लेप चढत जातो आणि एका टप्प्यानंतर रंग हाच देवाचा देह होतो. 2022 मध्ये सप्तशृंगगडावर देवीवरचं शेंदूरलेपन काढलं तेव्हा आतून वेगळंच रूप प्रकट झालेलं आपण फोटोंत पाहिलं. रंगाला जाडी येऊन त्याचा आकार होणं, ही काही न्यू यॉर्कहून आयात केलेली कल्पना नाही. मात्र भिंतीवरच्या चौकोनाला असं वागवणं, त्याच्यावरच शंका घेणं, हे आपल्याकडे नंतर आलं.

ते करणाऱ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो मोहन सामंत. गोरेगावचा जन्म, जे. जे.चं शिक्षण, 1968 पासून न्यू यॉर्क, 2004 मध्ये निधन. चित्रकार आणि सारंगीवादकही. त्याने कॅनव्हासमध्ये वाळू घातली, कागदाच्या कातरलेल्या आकृत्या बसवल्या आणि तार वाकवून माणसं काढली. तारेची रेघ कॅनव्हासपासून जरा सुटी असते, तिची सावली मागच्या रंगावर पडते. म्हणजे एकच रेघ दोनदा दिसते, एक जागची आणि एक उजेडाबरोबर सरकणारी. मुंबईचा चित्रकार अतुल दोडिया याने दुकानांच्या लोखंडी शटरवर चित्रं काढली, शटर वर केलं की आत दुसरं चित्र. त्यातली काही 2001 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये दाखवली गेली. मुंबईत जन्मलेला अनिश कपूर 1979-80 च्या सुमारास आकारांवर कोरी रंगपूड टाकत होता. पूड आकारावरून ओघळून खाली जमिनीवरही पसरायची, आणि वस्तू कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते याची कड पुसट व्हायची. अमेरिकन कलावंत डोनल्ड जड याने 1965 मध्येच लिहून ठेवलं होतं की अलीकडच्या चांगल्या कामांपैकी निम्मं किंवा जास्तच ना चित्र आहे ना शिल्प. त्याला साठ वर्षं झाली. अर्जात चौकोन मात्र अजून दोनच.

पण माझ्या नेमक्या अडचणीवर उत्तर दिलं लुचिओ फोंतानाने. कॅनव्हासला ब्लेडने चीर देणारा हा इटालियन कलावंत. चिरा त्याने 1958 पासून द्यायला सुरुवात केली, त्याआधी भोकं. लोक म्हणतात त्याने कॅनव्हास फाडून खरी खोली आत आणली. पण त्या चिरांच्या मागे तो काळ्या जाळीदार कापडाची पट्टी लावत असे, म्हणजे मागची भिंत दिसू नये आणि आतला अंधार अथांग वाटावा. अंधार होताच, तरी त्याने तो पुरवला. तो मिलानमध्ये चिरेमागे काळी पट्टी लावत होता आणि शाहूपुरीत हा चुणीत गडद केशरी मारत होता. दोघांनाही ठाऊक होतं की खऱ्या खोलीवर विसंबून चालत नाही.

मग मी रंगवायला घेतलं. घोंगडीवर रंग बसवणं हे हाताचं काम आहे. लोकरीचं लव उभं असतं, ओला ब्रश फिरवला की रंगाच्या गुठळ्या होतात आणि ती बाजू शेळीच्या पाठीसारखी नव्हे तर सरळ घाण दिसते. आधी खळ पातळ करून लव निजवलं, वाळू दिलं, मग जवळजवळ कोरड्या कडक ब्रशाने फक्त घडीच्या माथ्यावर राखाडी ओढली. रंग लवाच्या टोकांना लागतो, मुळाशी काळं तसंच राहतं. जवळून बघितलं तर नुसते ठिपके, लांबून तिथे उजेड. भंडाऱ्याचा पिवळा हवा होता, पण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, काही महिन्यांत उडतो. म्हणून पिवळी माती आणि थोडा कॅडमियमचा पिवळा रंग, कोरडा भुरभुरून मग वरून पातळ बाइंडर.

डावीकडे उलट केलं. तिथे खिडकीची सावली घडीच्या उजवीकडे पडत होती, मी निळसर राखाडीने सावली डावीकडे काढली, उजेड उजवीकडून येत असल्यासारखी. सगळ्या घड्यांवर नाही. काहींवर दोन्ही सावल्या एकमेकींना छेद देतात, काहींवर काढलेली आहे आणि पडलेली मी घडीचा माथा फिका करून जवळजवळ मारून टाकली. याने डोळ्यांचं काय होतं ते घरबसल्या करून बघता येईल. एखाद्या वीरगळाचा फोटो फोनवर उघडा आणि फोटो उलटा करा. दगडावर उठलेली माणसं एकदम आत खोदल्यासारखी दिसायला लागतात. उजेड वरून येतो असं आपण गृहीतच धरलेलं असतं, त्यामुळे सावलीची बाजू बदलली की उंचवट्याचा खळगा होतो. माझ्या घड्या अशाच आतबाहेर करायला लागल्या. समोर उभं राहिलं तर खळगा, एक पाऊल डावीकडे गेलं की परत उंचवटा, कारण चालताना शरीर खरी जाडी पकडतं. चित्र एका जागी उभं राहून बघतात, शिल्पाभोवती फिरतात. याच्यासमोर माणसं डुलत होती. हे मात्र मी मुद्दाम घडवलं नव्हतं, पुढे प्रदर्शनात दिसलं.

वाहतुकीचं फार सांगण्यासारखं नाही. टेंपोवाल्याने दोन प्रश्न विचारले, "काच आहे का?" आणि "उभं न्यायचं का आडवं?" चित्रं उभी जातात, मूर्ती आडव्या निजवून. हे आडवं गेलं, लाकडी खोक्यात, चारही बाजूंनी फोम आणि वरच्या पृष्ठभागाला कशाचाच स्पर्श नाही अशा बेताने. वजन भरलं चाळीस किलोच्या वर.

गॅलरीत भिंतीला भोक पाडायला मनाई, वरच्या रेलवरून तारेने टांगायचं, आणि ती तार एवढं वजन घेणार नाही असं तिथलेच लोक म्हणाले. मग भिंतीपुढे प्लायची दुसरी भिंत उभी करावी लागली, खर्च अर्थात माझा. त्या भिंतीवर एक तिरकं कापलेलं लाकूड, कामाच्या पाठीला उलट तिरकं कापलेलं दुसरं. वरचं खालच्यात बसलं की वजनच त्याला भिंतीशी ओढून धरतं. आमच्या मिस्त्रींची करणी, मुंबईच्या मुलांनी तिचे फोटो काढून घेतले.

खरी ओढाताण झाली ती दिव्यांवरून. गॅलरीचे दिवे छतावरच्या पट्टीत, सगळे समोरून आणि वरून, सगळ्या कामांना सारखे. काम टांगलं, दिवे लागले आणि पडलेल्या सावल्या सगळ्या खाली वळल्या. माझ्या काढलेल्या सावल्या डावीकडे. भांडण नाही की मैत्री नाही, दोन अनोळखी माणसं बाकावर बसावीत तसलं काहीतरी. मांडणी बघणाऱ्या ताईंना सांगितलं, मला डावीकडून एकच दिवा हवा, जरा खाली. त्या म्हणाल्या, "मग शेजारच्या जलरंगाच्या काचेत तो दिवा दिसेल." बरोबरच होतं त्यांचं. शेवटी माझं काम दाराजवळच्या टोकाच्या भिंतीवर गेलं, समोरचे दोन दिवे बंद केले, आणि इलेक्ट्रिशियन दादांनी एक दिवा पट्टीच्या अगदी कडेला नेऊन तिरका सोडला. शिडीवरून उतरून त्यांनी कामाकडे बघितलं, परत वर चढले आणि मी न सांगता दिवा बोटभर फिरवला. तो बोटभरच कमी पडत होता.

प्रदर्शनाच्या दिवसांत लोकांनी विचारलं ते फार थोडं, हात मात्र सगळ्यांनी लावला. शेजारच्या जलरंगाला कुणी बोट लावत नव्हतं. लगद्याच्या एका घडीला आठवडाभरात तेलकट चकाकी आली, तिथली काढलेली सावली पुसट झाली. 'हात लावू नये' अशी पाटी मी नंतर लावली, पण ती अर्ध्या मनाने. जी घडी खोटी असावी असा संशय येतो तिलाच माणूस चाचपून बघतो, आणि तो संशय पेरायला तर मी सहा महिने घालवले होते. एका आजोबांनी आधी रंगवलेल्या सावलीला बोट लावलं, मग खऱ्या सावलीला लावलं, मग बोटाकडे बघितलं. धुळीचं काय करायचं, हा प्रश्न एका बाईंनी विचारला आणि तो सगळ्यात कामाचा होता. चित्रावर धूळ बसायला जागा नसते, माझ्या घड्यांच्या माथ्यावर भरपूर आहे. मऊ कोरडा ब्रश, वरून खाली, ओलं फडकं अजिबात नाही, असं मी कागदावर लिहून दिलं.

त्याच बाईंनी काम घेतलं. घरी लावायच्या आधी जागा बघायला मी गेले. त्यांनी ठरवलेल्या भिंतीवर खिडकीचा उजेड उजवीकडून येत होता, म्हणजे पडलेली सावली बरोबर काढलेल्या सावलीवर जाऊन बसणार, दोघींची एक होणार आणि डावा भाग निमूटपणे साध्या घड्या दाखवत राहणार. मी एवढंच म्हटलं की इथे ते अर्धंच दिसेल. समोरच्या भिंतीवर उजेड डावीकडून होता, पण तिथे टीव्ही होता. बाईंनी दोन्ही भिंतींकडे आळीपाळीने बघितलं आणि मिस्टरांना हाक मारली. टीव्ही आता आतल्या खोलीत आहे. त्यावरून घरात काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.